भाचीचा हक्क

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे साडेपाचला मी गॅरेजचं दार वर सरकवते
आणि मामा आधीच तयार असतो,
कमरेला चटई गुंडाळून, चर्चला निघाल्यासारखा.
दवाखान्यात कशाला ही, म्हणते मी.
परक्याच्या दारी मोकळ्या कमरेनं जाऊ नये, म्हणतो तो.

ऑकलंडच्या या टोकाला आम्ही टोंगाची माणसं इतकी
की बसवालासुद्धा त्याला नावानं ओळखतो:
सेमिसी, वावाऊ बेटावरचा, ज्याची नाव होती.
होती.
नाव विकली, तिची अकरा डायलिसिस झाली.
मामीच्या लग्नातलं सालीचं कापड,
ज्याची घडी मोडायला चौघं लागायची, त्याची सहा.
डुकरांची साडेतीन.
अर्धं कसं असतं रे मामा?
दोन तासांनी नळ्या काढायच्या, म्हणाला,
आणि एकटाच हसला.

काचेमागे ग्लेनिस बसते. हळू बोलते, बिचारी,
आकडा सांगताना तर फारच हळू.
इथला रहिवासी असता तर फुकट होतं.
हा पाहुणा. पाहुण्याचा दर वेगळा.
मामा आमच्या भाषेत पुटपुटतो,
आपल्याकडे पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत,
पण हिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.

जन्मभर चारी बाजूंना पाणी असलेल्या माणसाला
दिवसाला तीन पेले.
शहाळं बंद. केळं बंद.
अरवीचे कंद दोनदा उकडून, दोन्ही पाणी फेकून,
मग उरतं ते खायचं, म्हणजे काहीच उरत नाही.
शुक्रवारी काव्हाच्या बैठकीत
वाटी त्याच्यापर्यंत येते.
तो ती कपाळाला लावतो
आणि शेजारच्याला देतो.

मी रात्री विमानतळावर जेवणाचे ट्रे भरते.
दोन पाव, एक लोणी, एक काटा.
किती ट्रे म्हणजे एक तास, ते मोजायचं मी सोडलंय.
मामानं नाही सोडलं.
त्याच्या भजनाच्या पुस्तकात, शेवटच्या कोऱ्या पानावर,
माझं नाव आणि खाली आकडे,
बारीक, पेन्सिलीनं, कुणाला दिसू नयेत असे.

आमच्यात भाची मोठी.
मामाच्या घरातलं काहीही तिनं उचलावं,
विचारायचं नसतं.
आठ वर्षांची असताना मी त्याचा रेडिओ उचलला,
रग्बीची मॅच चालू असताना, शेवटची दहा मिनिटं.
त्याची सुरी उचलली. त्याचे नवे बूट,
माझ्या पायात होड्यांसारखे.
भाजलेल्या डुकराची पाठ तर दर वेळी.
एकदाही चेहरा पडला नाही त्याचा.
घे, म्हणायचा, तुझंच आहे.

काल उशी झटकताना तिकीट सापडलं.
एकेरी. रविवारचं.
त्याच्या बेटावर हे यंत्र नाही,
रविवारनंतर किती वार, ते त्यालाही माहीत आहे, मलाही.
हिशेब करून पाहिला, म्हणाला तो,
मासा एवढा महाग झाला
की आम्ही तो पाण्यात परत सोडायचो.

मी काही बोलले नाही. वाद घालायला
मी काही त्याची मुलगी नाही.
तिकीट उचललं, ॲप्रनच्या खिशात घातलं,
न विचारता.

तो बघत राहिला माझ्या खिशाकडे.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता, बराच वेळ.
मग म्हणाला, घे.
पुढचं म्हणाला नाही.

आज शनिवार. चौथा तास.
त्याच्या गालात बर्फाचा एक खडा आहे,
विरघळू नये म्हणून तो तोंड मिटून बसलाय.
मी व्हरांड्यात येऊन फोन केला.
तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणाली ती बाई.
मी दोनदा विचारलं.